अध्यक्षावर महाभियोग : नवख्या प्रतिनिधीसाठी प्राथमिक धडे

वॉशिंग्टनला पोचल्या पोचल्या दोन वाक्ये पाठ करा. अध्यक्ष आपल्या पक्षाचा असेल तर 'आधी नीट चौकशी होऊ द्या'. दुसऱ्या पक्षाचा असेल तर 'आता आणखी कसला पुरावा हवा?'

घाई असेल तर १८६८ चा कित्ता गिरवा. अँड्र्यू जॉन्सन यांनी २१ फेब्रुवारीला युद्धमंत्र्याला काढले, २४ ला प्रतिनिधिगृहाने महाभियोग मंजूर केला आणि आरोपांची कलमे ठरली मार्चमध्ये. वरातीमागून घोडे. सिनेटमध्ये जॉन्सन एका मताने वाचले. (घाई नडली, असे म्हणण्याआधी थांबा. आदल्या वर्षी समितीने महिनोन्‌महिने चौकशी करून महाभियोगाची शिफारस केली, तेव्हा याच सभागृहाने ती ५७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळली होती.)

धीर असेल तर समन्स काढा आणि वाट पाहा. ट्रम्प यांचे माजी कायदेशीर सल्लागार डॉन मॅकगॅन यांना एप्रिल २०१९ मध्ये समन्स गेले. ते समितीपुढे बसले जून २०२१ मध्ये, बंद दाराआड. तोवर ट्रम्प दोनदा महाभियोगातून सुटून घरी गेले होते. पहिल्या महाभियोगाच्या वेळी ट्रम्प यांचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांच्या साक्षीसाठी थांबायला प्रतिनिधिगृह तयार नव्हते. मग चौकशी अपुरी म्हणणाऱ्या रिपब्लिकन सिनेटरांनीच ५१–४९ मतांनी ठरवले की साक्षीदार नकोतच. बोल्टन बोलले, पण पुस्तकात.

आदर्श म्हणून निक्सन यांच्या चौकशीचे नाव घ्यायची प्रथा आहे. जरूर घ्या, पण तारखा पाहून. न्यायविषयक समितीने पहिले कलम २७ जुलै १९७४ ला मंजूर केले, सहा रिपब्लिकन सदस्यांसह. निक्सन यांना बुडवणारी टेप मात्र बाहेर आली ५ ऑगस्टला, आणि तीही समितीमुळे नव्हे. समितीची समन्से निक्सन यांनी धुडकावलीच होती. टेप मिळाली ती विशेष सरकारी वकिलाने सर्वोच्च न्यायालयातून ८–० असा निकाल आणला म्हणून. म्हणजे सगळ्यांत धीराच्या चौकशीतही मत आधी पडले, पक्का पुरावा मागाहून आला.

तेव्हा व्यवहाराची सूचना अशी : समन्स काढा, मुदत द्या आणि नकार आला की तो नकारच आरोपांत घाला. १९७४ चे तिसरे कलम तेच होते, २०१९ चे दुसरेही. 'कोर्टात का गेला नाहीत?' असे कोणी विचारले, तर मॅकगॅन यांच्या दोन तारखा सांगा.