जिममधला संकोच

मोठ्या खंडानंतर जिममध्ये परतणाऱ्याला सगळे आपल्याकडेच पाहताहेत, असा साक्षात्कार होतो. लक्षणे ठरलेली: कोपऱ्यातली ट्रेडमिल धरणे, टी-शर्ट पोटावरून सारखा खाली ओढणे, अडीच किलोचे डंबेल ‘आज फक्त वॉर्म-अप’ अशा चेहऱ्याने उचलणे. मानसशास्त्रात याला ‘स्पॉटलाइट इफेक्ट’ म्हणतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ओशाळवाणा टी-शर्ट घातलेल्यांना वाटले, खोलीतल्या निम्म्या लोकांनी तो हेरला. प्रत्यक्षात हेरला होता जेमतेम पाव लोकांनी. जिममध्ये हे प्रमाण आणखी घसरत असावे. भिंतीभर आरसे असल्याने तिथे कुणाला स्वतःच्या दंडाखेरीज काही दिसत नाही. अपवाद पर्सनल ट्रेनिंगचे पॅकेज गळ्यात मारू पाहणाऱ्या ट्रेनरचा. त्याची नजर मात्र खरोखरच नवख्याच्या पोटावर असते.