चार अँगस्ट्रॉमचा शेजार

शेजारी कोण, हे डहाणूत कुणाला विचारावं लागत नाही. चिकूची फांदी कुंपणापलीकडे झुकली की दोन्ही घरांना तीन पिढ्यांचा इतिहास आठवतो. हाच प्रश्न संगणकावर प्रथिनांच्या रचना दाखवणाऱ्या पायमॉल या प्रोग्रॅमला विचारा. ते उलट विचारतं: किती अंतरावरचा? कुठल्या साखळीतला? अख्खा हवा की तुकडा?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सिकलसेल ओळखीचा, म्हणून प्रथिनं शिकवताना मी हीमोग्लोबिनच उघडतो. चार साखळ्या, 574 अमिनो आम्लं. सिकलसेलमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बास. प्रोटीन डेटा बँकेतल्या ‘2एचबीएस’ या रचनेत असे दोन रेणू एकमेकांना खेटून आहेत, म्हणजे ए ते एच अशा आठ साखळ्या. त्या गुंत्यात सहावं व्हॅलिन नुसत्या नजरेनं दाखवील, त्याला मी फी माफ करीन.

म्हणून हुकूम सोडायचा: सहाव्याच्या चार अँगस्ट्रॉममधले सगळे दाखव. (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. एवढ्या जमिनीवर आमच्याकडेही कुणी दावा लावत नाही.) तर आधी घरचेच हजर होतात! पाचवं प्रोलिन, सातवं ग्लुटामिक आम्ल. शेजारी म्हणून सख्खे भाऊ उभे करण्याचा हा प्रकार. मग बजावायचं, स्वतःची साखळी वगळ. आता परका दिसतो, पण चार अँगस्ट्रॉमच्या आत आला तेवढाच: दोन-तीन कार्बन हवेत लोंबकळताहेत, बाकीचा देह बेपत्ता. त्यासाठी ‘बायरेस’ लिहावं लागतं, म्हणजे ज्याचा एक अणू सापडला तो अख्खा पुढे येतो. पाण्याचे लाल ठिपके मात्र बोलावल्याशिवाय येतात. त्यांना वेगळं हाकलायचं. अंतर चार धरावं की पाच, यावर स्टाफरूममध्ये चहा गार होतो. दहा धरलं तर अख्खं गाव गोळा होतं.

एवढं केल्यावर गुन्ह्याची जागा दिसते. एका रेणूतलं सहावं व्हॅलिन दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीतल्या 85व्या फिनाइलअ‍ॅलानिन आणि 88व्या ल्युसिनच्या खोबणीत घुसून बसलंय. व्हॅलिनला पाणी नकोसं, खोबण आयती कोरडी. आणि ही खोबण नीट उघडते ती ऑक्सिजन वाटून रेणू रिकामा झाल्यावर. मग एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा चिकटत दोरे वळले जातात आणि रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते.

तलासरीहून येणारी एक मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत होती. “सर, त्या 85 नंबरचा काय दोष?”

काहीच नाही. तो तुमच्या-माझ्या रक्तातही तिथेच असतो.

“मग सहाव्याला हात न लावता शेजाऱ्याकडेच काही करता येत नाही?”

येतं. अमेरिकेत डिसेंबर 2023मध्ये मंजूर झालेल्या एका जनुकोपचारात बीटा साखळीचं जादा जनुक देतात, त्यात 87व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन असतं. बरोब्बर 85 आणि 88च्या मध्ये! तिथे अडसर आला की व्हॅलिनला धड टेकता येत नाही. मी उत्साहात किंमतही सांगून टाकली: 31 लाख डॉलर, म्हणजे पंचवीस कोटींच्या वर.

वर्ग गप्प. तिनं दप्तर आवरलं. “सर, मी निघू? भावाच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणायच्यात सरकारी दवाखान्यातून. खिडकी बंद होईल.”