पाव्हणं कुठलं?

पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची सातारा-सांगलीची मोटारसहल सप्टेंबरच्या अखेरीस, बहुधा मध्यरात्री ठरते आणि सकाळी सहाला निघायचे म्हणून साडेआठला निघते. तिच्यात सहा देश आणि एक सांगलीकर असतो. देश एखादा कमी-जास्त चालतो. सांगलीकराशिवाय मात्र सहल होत नाही, कारण 'आमच्या घरी जेवायला थांबूया' हे म्हणायला कोणीतरी लागते.

पुण्याला ही मुले नवी नाहीत. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली सिंबायोसिस काढली ती परदेशी विद्यार्थ्यांचे एकटेपण पाहून. काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका मुलाला खिडकीतून जेवण पोचवले जाताना त्यांनी पाहिले, अशी त्या संस्थेची जन्मकथा सांगतात. विषयाचा उगमच असा डब्यात असल्यामुळे पुढील वर्णनात खाणे वारंवार येईल.

नमुन्यादाखल नेपाळ, टांझानिया, मॉरिशस, येमेन, इथिओपिया आणि अफगाणिस्तान हे सहा देश धरावेत. गाडी भाड्याची असते आणि ती कोणी चालवायची हा पहिला आंतरराष्ट्रीय प्रश्न असतो. पहिल्या तीन देशांत वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात, उरलेल्या तिन्हींत उजवीकडून. सांगलीकराच्या मताने ही बरोबरी फुटली असती, पण तो मधून चालवतो. शेवटी आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असलेली टांझानियाची मुलगी बसते. स्वाहिलीत गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका' आणि चहाला 'चाय'च म्हणतात, त्यामुळे तिला वाटेवर परके वाटत नाही. पुण्यात तीन वर्षे काढल्याने तिचे मराठीही तयार असते. विशेषतः खिडकीची काच खाली करून बोलायचे.

नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात खंबाटकी. पुण्याकडून जाताना घाट चढायचा आणि परतताना बोगद्यातून यायचे, ही इथली अनेक वर्षांची वहिवाट. घाटाचे आणि पुढच्या महाबळेश्वरच्या उंचीचे कौतुक सांगलीकर तपशीलवार सांगतो. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटरवर आहे. इथिओपियाच्या मुलाचे आदिस अबाबा २३०० मीटरच्या वर, आणि अफगाण मुलगा हिंदुकुशातल्या सालंग खिंडीतून ये-जा केलेला; नेपाळबद्दल बोलायलाच नको. तिघेही खिडकीतून बघून 'टेकड्या छान आहेत' म्हणतात. दुसऱ्या वळणावर गाडी थांबवावी लागते ती सांगलीकरासाठी. त्याला लिंबू देतात.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळल्यावर सहलीचे मुख्य लक्षण दिसू लागते: बघायला गेलेली मंडळीच बघितली जातात. ढोल्या गणपतीच्या घाटावर बसलेले आजोबा सगळ्यांवरून नजर फिरवून मॉरिशसच्या मुलापाशी थांबतात आणि "काय पाव्हणं, कुठलं गाव? ही मंडळी कुठनं आणली?" असे विचारतात. त्यांची चूक म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी समुद्रापार गेलेल्या मराठी माणसांचा हा वंशज, चेहरा थेट वाईच्या पेठेतला. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते हेही त्याला माहीत, पण बोलतो क्रिओल आणि फ्रेंच. तो हसून मान हलवतो. उत्तर शेजारून टांझानियाची मुलगी देते: "आजोबा, त्याला मराठी येत नाही. मला विचारा." आजोबा तिच्याकडे बघतात, पुन्हा त्याच्याकडे बघतात आणि आपली पिशवी उचलून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसतात.

जवळच मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. इथे अफगाण मुलाला अचानक महत्त्व येते. फडणवीस हे आडनाव फारसीतल्या 'फर्दनवीस'वरून आलेले. दफ्तर, दरवाजा, बुरूज, सरदार हे शब्द तर त्याच्या घरचेच. मराठी न येताही निम्मा वाडा त्याला कळतो. घाटावरच्या छोट्या देवळात मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयात ही घंटा आली असे मानतात. या मुलखात येऊन राहिलेल्या परदेशी पाहुण्यांत ती सर्वांत ज्येष्ठ, आणि तिला कोणी गाव विचारत नाही.

मुक्काम साताऱ्यात. परदेशी पाहुणा उतरला की लॉजवाल्याने २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. 'सी फॉर्म' म्हणून हा प्रकार ओळखला जातो. एकेक पासपोर्ट उघडला जातो. आडनावाच्या रकान्यापाशी इथिओपियाचा मुलगा अडतो: त्याच्याकडे आडनाव नसते, स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे. मॅनेजर पेन कानामागे ठेवून विचार करतो आणि म्हणतो, "म्हंजे आपल्यासारखंच की, मधलं वडलांचं." फॉर्म पुढे सरकतो. सहा देश वीस मिनिटांत दाखल होतात. सातव्याला पाऊण तास लागतो, कारण सांगलीकराजवळ आधार कार्डाची झेरॉक्स नसते आणि झेरॉक्सवाला जेवायला गेलेला असतो.

त्या पाऊण तासात बाकीचे कंदी पेढे शोधून येतात. खवा चांगला तांबूस होईपर्यंत परतलेला हा पेढा चवीला म्हणून एक दिला जातो. सहा जण असले की सहा, आणि शिवाय 'हा आजचा ताजा' म्हणून आणखी सहा. या रीतीने पाव किलोची खरेदी अर्धा किलो खाऊन होते.

साताऱ्याला निरनिराळ्या घरची मुले एका पंगतीत बसवण्याचा सराव जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत. पुण्यातल्या फ्लॅटवर भांडी घासण्याची पाळी कोणाची यावरून आठवडाभर अबोला धरलेले येमेन आणि नेपाळ ही माहिती विशेष लक्षपूर्वक ऐकतात.

दुसऱ्या दिवशी कास. सह्याद्रीबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठारावर फुलांच्या दिवसांत आगाऊ नोंदणी करावी लागते. फुले नखाएवढी, सीतेची आसवं किंवा किडे खाणारी दवबिंदू ही वनस्पती पाहायची तर गुडघ्यांवर यावे लागते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि सहल गेली त्या वर्षी ती हटकून फुललेली नसते. सहाही देश गुडघ्यांवर असताना मागून आवाज येतो, "एक फोटो घेऊ का तुमच्यासंगट?" इचलकरंजीचे एक कुटुंब, मग बारामतीचे दुसरे. जांभळ्या सड्याकडे पाठ करून फोटो होतात. सांगलीकराला फोटोत कोणी घेत नाही. त्याच्या हाती मोबाइल दिला जातो.

कराडचा प्रीतिसंगम लवकर आटोपतो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्याच डोंगरात उगम पावून वेगळ्या वाटांनी निघतात आणि इथे समोरासमोर येऊन भेटतात. पोहायला उतरू नये. पेठ नाक्याला महामार्ग सोडला की आष्ट्यावरून सांगली, आणि 'कुठवर आलात' असे विचारणारे फोन दर दहा मिनिटांनी.

सांगलीतले जेवण हा स्वतंत्र विषय आहे. ज्वारीची भाकरी, झुणका, भरली वांगी, खर्डा, दही. इथिओपियाच्या मुलाला हाताने तुकडा मोडून कालवणाला लावायचे शिकवावे लागत नाही. तो घरी टेफ या धान्याच्या इंजेराने तेच करतो. अडचण येते ती 'नको' या शब्दाची. पुण्यात शिकवलेल्या मराठीत 'नको' म्हणजे नकार. सांगलीत पहिला 'नको' ही सभ्यता, दुसरा भीड, आणि तिसऱ्यावर काकू "बरं, अर्धीच" म्हणून अख्खी वाढतात. अफगाण आणि येमेनी मुले ही पद्धत ओळखून असतात. ती ताटावर हात आडवा धरतात. मॉरिशसच्या मुलाला मात्र काकूंनी पहिल्यापासूनच "खा रे बाळा, लाजतोस काय" असे अस्सल मराठीत सुरू केलेले असते आणि समजत नसल्याने त्याला नकार देता येत नाही. चौथ्या भाकरीला तो सांगलीकराकडे केविलवाणे बघतो. तोपर्यंत शेजारच्या वहिनी, त्यांची मुले आणि 'नुसतं बघायला' आलेले एक निवृत्त मास्तर दारात असतात.

मिरजेत सहल पहिल्यांदा गप्प होते. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी इथे तंतुवाद्ये घडवायला घेतली, त्याला पिढ्या झाल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात वाळलेले भोपळे आढ्याला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. कारागीर एका सतारीच्या तरफा, म्हणजे साथीच्या तारा, जुळवत असतो. अफगाण मुलगा वाकून एका तारेवर बोट ठेवतो आणि 'रबाब' म्हणतो. त्याच्याकडच्या रबाबालाही अशाच तरफा असतात. कारागीर वर बघतो, त्याला बसायला पाट सरकवतो. तो कुठला, हे मात्र विचारत नाही. लाकूड कुठले वापरता, एवढेच विचारतो. तुतीचे, हे उत्तर तिसऱ्या भाषेतून पोचते.

परतीचा प्रवास बोगद्यातून. मांडीवरचा भडंगाचा पुडा खंबाटकीच्या आत फुटतो आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत संपतो. मग हिशेब. रीत पुण्याची, टीटीएमएम, म्हणजे तुझे तू माझे मी. डिझेल, टोल, लॉज, पेढे हे सात जणांत भागले जाते. 'सांगली, जेवण' या ओळीपुढे नेपाळचा मुलगा शून्य लिहितो. "खोडून टाक ती ओळ," सांगलीकर म्हणतो, "आईनं बघितली तर पुढच्या वेळी दुप्पट वाढील."