म्हाताऱ्याचं बालपण पाठ करा!

"काकू, काल पोरांच्या आवाजाचा त्रास झाला का हो? आमच्या बेसमेंटमध्ये सभा होती. लायब्ररीत टीन लोकांचा वाचनगट आहे ना, त्यांची."

"सभा? मला वाटलं मॅच बघताहेत. एक मुलगी तर चांगलीच तापली होती."

"ती कोपऱ्यावरच्या घरातली. तिचं सांगते नंतर. पुस्तक होतं 'रेडी प्लेयर वन'. लिहिणारा अर्नेस्ट क्लाइन, आपल्या ओहायोतलाच, अ‍ॅशलंडचा. त्यातला पोरगा पुढे आपल्या या कोलंबसमध्ये येऊन राहतो. आल्यावर दार बंद करतो, खिडकी काळी करून टाकतो आणि दिवसरात्र चष्मा लावून आभासी दुनियेत."

"मग आपल्या गल्लीतच राहत असेल. सहा महिने व्हायला आले मला, रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ! पण गोष्ट काय आहे?"

"2045च्या सुमाराचं जग. इंधन संपत आलंय, गरिबी माजलीय. ओक्लाहोमा सिटीत ट्रेलरवर ट्रेलर रचलेत, त्यात लोक राहतात. सगळ्यांना सुटका एकच, ओअ‍ॅसिस नावाची आभासी दुनिया. ती बनवणारा हॅलिडे मरतो, मागे वारस नाही, 240 अब्ज डॉलर आहेत. मृत्युपत्रात सांगून जातो, ओअ‍ॅसिसमध्ये मी एक वस्तू लपवलीय, तीन चाव्या मिळवून जो तिथे पोचेल त्याचं सगळं."

"गुप्तधन! आमच्या वाड्यातही एक होतं म्हणे."

"पण इथे खणायचं नाही, पाठांतर करायचं. हॅलिडेला लहानपणी जे आवडलं ते सगळं यायला हवं. ऐंशीच्या दशकातले व्हिडिओ गेम, गाणी, मालिका. एके ठिकाणी तर 'वॉरगेम्स' नावाच्या 1983च्या सिनेमात हिरोच्या जागी उभं राहून त्याचे सगळे संवाद म्हणायचे असतात. चुकलात की गुण गेले."

"अगं बाई, म्हणजे तोंडी परीक्षाच की!"

"आमच्या चिरंजीवांचं हेच म्हणणं. 'पानोपान नुसती यादी वाचतोय, ही गोष्ट आहे की ओळखपरेड?' वर मलाच विचारतो, 'आई, तू एटीजची ना, तुला सगळं माहीत असेल.' अरे बाबा, डोंबिवलीत कुठला अटारीचा व्हिडिओ गेम? आमची ऐंशी म्हणजे 1987 साली शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर सतरंजीवर बसून पाहिलेलं रामायण आणि पुढच्या वर्षीचा 'अशी ही बनवाबनवी'. त्यातलं अर्धं वाक्य कोणी म्हणू दे, उरलेलं मी म्हणते."

"मग तूही ठेव काहीतरी तिजोरीत आणि लाव पोराला बनवाबनवी पाठ करायला."

"रविवारच्या मराठी शाळेत आणखी काय चालतं, काकू? फक्त शेवटी 240 अब्ज नाहीत."

"हो, तेवढा एक फरक."

"खरं सांगू? मला तो हॅलिडे थोडा ओळखीचाच वाटला. आणि पुस्तकही मुळात मोठ्यांसाठीचंच, 2011 सालचं. पुढच्याच वर्षी त्याला अ‍ॅलेक्स पुरस्कार मिळाला. इथल्या ग्रंथपालांचा असतो तो. मोठ्यांसाठी लिहिलेली, पण बारा ते अठरा वयाच्या मुलांना भावतील अशी दहा पुस्तकं दरवर्षी निवडतात."

"आणि भावलं का?"

"तक्रारी करत करत वाचलं सगळ्यांनी. पहिली चावी सापडेपर्यंत कुरकुर, नंतर आमच्याकडे रात्री दोनला दिवा चालू. ट्रेलरमधल्या फाटक्या पोराचं नाव साऱ्या जगाच्या गुणफलकावर पहिलं झळकतं ना, तिथे सगळे गार! आणि गंमत म्हणजे, आभासी दुनियेचं त्यांना फारसं कौतुकच नाही. पुस्तकातला पोरगा ओअ‍ॅसिसमधल्या शाळेत खूश असतो, तिथे कोणी मारत नाही, छळणाऱ्याचा आवाज बंद करता येतो. हे वाचून सगळे खो खो हसले. 2020 साली ही पोरं प्राथमिक शाळेत, स्क्रीनसमोर पेंगत बसायची. ऑनलाइन शाळा आवडणारा मुलगा म्हणजे त्यांच्या मते पुस्तकातली सगळ्यात अशक्य कल्पना."

"आणि ती तापलेली मुलगी?"

"हां! नायकाला आर्टेमिस नावाची मुलगी आवडते. ती सरळ सांगते, आता भेटणं बंद. तरी हा निरोप पाठवतो, फुलं पाठवतो, शेवटी तिच्या महालाच्या फाटकाबाहेर टेपरेकॉर्डर डोक्यावर धरून गाणं वाजवत दोन तास उभा! तेही एका जुन्या सिनेमातून उचललेलं. लेखकाला ते फार गोड वाटलंय. ही उठली आणि म्हणाली, नाही म्हटल्यावर दारात उभं राहणाऱ्याची तक्रार करतात, त्याला हिरो म्हणत नाहीत."

"बरोबर बोलली. आमच्या वेळी असल्यांना भाऊच गाठायचा."

"मुलं जरा चुळबुळली, पण उलट कोणी बोललं नाही. मग वळली एचवर. एच म्हणजे नायकाचा जिवलग मित्र, ओअ‍ॅसिसमध्ये गोरा, रुबाबदार मुलगा. शेवटाकडे प्रत्यक्ष भेटतो तेव्हा कळतं, ती कृष्णवर्णीय मुलगी, हेलन. आईनेच शिकवलेलं, या दुनियेत गोरा पुरुष होऊन वावर, वागणूक चांगली मिळते."

"आईने?"

"हो ना. मला तिथे धस्स झालं. सगळ्यांना तोच भाग आवडला, आणि राग आला तोही त्याचाच, की एवढी मोठी गोष्ट चार पानांत उरकली. एकजण हळूच म्हणाला, माझी बहीण गेम खेळताना मुलाचं नाव घेते, नाहीतर नको ते ऐकावं लागतं. त्यावर किती वेळ बोलत होती पोरं! भजी गार झाली."

"मग शेवट होतो कसा?"

"पोराला सगळं मिळतं, शिवाय ओअ‍ॅसिस कायमचं पुसून टाकायचं एक लाल बटणही. स्पीलबर्गच्या 2018च्या सिनेमात तर मंगळवारी आणि गुरुवारी ओअ‍ॅसिस बंद ठेवतात, लोकांनी खऱ्या जगात यावं म्हणून."

"म्हणजे आमच्या पुण्यासारखी साप्ताहिक सुट्टी!"

"पोरांना अजिबात पटलं नाही. मोठ्यांनी मोठ्यांच्या समाधानासाठी लिहिलंय म्हणे."

"पुढच्या वेळी काय वाचणारेत?"

"मतदान झालं ना. याचाच दुसरा भाग आहे, 2020 साली आलेला. सगळ्यांनी कानांना हात लावले. हात वर फक्त एकाचा."

"कोणाचा गं?"

"ओळखपरेडवाल्याचा!"