केरळातली नव्हे ती कोची

टोकियो,
ऑक्टोबर

ती. आईस,


दसरा झाला, नऊ दिवसांचं शिवराक संपलं आणि परवा शनिवारी आम्ही कोचीचं जेवण जेवून आलो. बाबांना लगेच केरळचा नकाशा उघडू देऊ नकोस. ही कोची जपानच्या शिकोकू बेटावरची. पाठीशी डोंगर, पुढ्यात प्रशांत महासागर, पाऊस भरपूर. जुनं नाव तोसा. माझ्या ऑफिसातल्या एक बाई तिकडच्या. एकदा दुपारी कुणीतरी म्हणालं, चला सुशी खाऊ. बाईंनी नाक मुरडलं. "सुशी काय, इथलीच. आमच्याकडचं कुठे खाल्लंत तुम्ही?"

ते 'आमच्याकडचं' ऐकलं आणि मी थेट आपल्या चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर पोचले. बांगड्यात तिरफळं घालायची की नाही, यावरून वेंगुर्लेवाल्या काकू आणि राजापूरवाल्या मावशी गणपतीच्या आरतीतसुद्धा एकमेकींकडे बघत नसत. इथे ४७ प्रांत आहेत, म्हणजे ४७ तिरफळं. जपानी जेवण नावाचं काही नसतंच, असं माझं आता मत झालंय. मराठी जेवण तरी कुठे असतं? दादरला एका हॉटेलात साबुदाणा वडा आणि पियूष, दुसऱ्यात तिसऱ्या आणि सोलकढी. दोघांनाही विचार, अस्सल मराठी कोण ते.

तर बाई आम्हाला 'आमच्याकडचं' खायला घेऊन गेल्या. जागा म्हणजे शिम्बाशी स्टेशनाजवळच्या बोळातलं चिंचोळं दुकान. गावाकडून पोटापाण्यासाठी टोकियोत आलेली माणसं संध्याकाळी तिथे जमतात, आपल्या बोलीत मोठ्यांदा बोलतात आणि गावचा मासा गावात कसा स्वस्त मिळतो ते सांगत इथला महाग मासा खातात. आजीची खानावळ अशीच असेल ना गं? मेंबर सगळे गिरणीतले आणि सगळे गाववाले. साताऱ्याकडचा कुणी आलाच तर त्याला पाटावर जागा मिळे, त्याच्या ज्वारीच्या भाकरीला मिळत नसे.

भिंतीवर साकामोतो र्‍योमाचा फोटो होता. हा तोसाचा सामुराई. शोगुनची सत्ता घालवण्यात त्याचा मोठा हात, आणि १८६७ साली क्योटोत मारेकऱ्यांनी त्याला गाठलं. बाई अभिमानाने म्हणाल्या, "आमच्याकडे घराघरात असतो. विमानतळालाही त्याचंच नाव आहे." म्हटलं, आमच्याकडेही एक महाराज आहेत, घराघरात आणि विमानतळावर.

बसतो न बसतो तोच न मागता एकेक वाटी पुढ्यात आली. तुझे जावई खूश. मग कळलं की ती फुकट नसते, बिलात लागते, आणि नको म्हणायची पद्धत नाही. ठाकूरद्वारला मिसळीबरोबर जादा रस्सा हक्काने मागणारा माणूस तो. पुढची दहा मिनिटं वाटीकडे बघत राहिला. मग पैसे भरायचेच आहेत म्हणून आमच्या बारकीचीही संपवली.

आता मासा. कात्सुओ म्हणजे आपल्या कुप्याच्याच गोतातला. वसंतात तो उबदार प्रवाहाबरोबर उत्तरेला जातो आणि शरदात चरबी धरून परततो, म्हणून सध्या त्याचा दुसरा हंगाम. पहिल्या हंगामातल्या कात्सुओसाठी जुन्या टोकियोतले लोक म्हणे बायकोसुद्धा गहाण ठेवायला तयार असत. (जावयांनी तेवढं लक्ष देऊन ऐकलं.) स्वयंपाकी भाताचा पेंढा पेटवतो, जाळ छताकडे झेपावतो आणि त्यात मासा धरतो, जेमतेम. वरून करपलेला, आत लालभडक कच्चा. जाड काप करून वर मीठ आणि कच्च्या लसणीच्या चकत्या. जपानात आल्यापासून लसणीला एवढा मान मी कुठे पाहिला नव्हता. वास घेऊन डोळ्यांत पाणी आलं; लसणीमुळेच, काळजी करू नकोस. बारकीने तर जाळ पाहून टाळ्या वाजवल्या आणि "परत लाव" म्हणाली.

तुझ्या जावयांसारख्या शाकाहारी माणसाचं इथे काय होतं, ते तुला माहीतच आहे. हाच कात्सुओ उकडतात, धुरावतात, सुकवतात, पार लाकूड होईपर्यंत. मग रंध्यावर किसून त्याचं पाणी आमटीपासून भाजीपर्यंत सगळ्यात घालतात. पण कोचीच्या डोंगरातल्या गावांना ताजा मासा कुठला? त्यांनी भाज्यांचीच सुशी केली. बांबूचे कोंब, अळंबी, आल्याच्या कुळातली एक गुलाबी कळी आणि कोन्न्याकू, म्हणजे आपल्या सुरणाच्या भावकीतल्या कंदाची वडी. भाताला व्हिनेगरऐवजी युझू नावाच्या लिंबाचा रस. जावई पोटभर जेवले. मग आचारीणबाईंना विचारलं, यात मासा नाही ना? त्या गोड हसून म्हणाल्या, "अजिबात नाही. फक्त माशाचं पाणी." गिरगावात माझ्या सासरी यातलं काही बोलू नकोस.

तुला मात्र आवडली असती ती त्यांची सावाची. हे भलंमोठं ताट, त्यात मासे, सुशी, तळलेलं, शिजवलेलं, कडेला गोडाची वडीसुद्धा, सगळं एकदम मांडून मधोमध ठेवायचं. ज्याने त्याने हाताने घ्यायचं. बाई म्हणाल्या, घरच्या बायकांना उठून वाढत बसायला लागू नये म्हणून ही पद्धत, त्यांनीही पंगतीत बसून प्यायचं. मी गणपतीतलं आपलं घर सांगितलं. तू शेवटी जेवतेस आणि तोवर वडे संपलेले असतात, हे ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, "मग कुणीच काही म्हणत नाही?"

बाई डिसेंबरात मुंबईला येणार आहेत. त्यांना 'आमच्याकडचं' खायचंय. आता आमच्याकडचं म्हणजे लालबागचं की गिरगावचं, हे तू आणि सासूबाईंनी फोनवर ठरवा, मी मध्ये पडणार नाही. ताजे बोंबील सांगून ठेव, मालवणी मसाला मात्र बेताचा.

येताना बाई आपल्या बाबांसाठी कोचीचे खास पेले आणणार आहेत. एकाला लांब नाक, तो खाली ठेवला की कलंडतो. दुसऱ्याच्या तोंडाला भोक, त्यावर बोट दाबून धरावं लागतं. म्हणजे हातात घेतला की रिकामा केल्याशिवाय ठेवायची सोय नाही. भोवरा फिरवायचा, ज्याच्याकडे टोक येईल त्याने प्यायचं. त्यात सोलकढीच भरायची असते, असं मी बाबांना सांगणार आहे. तूही तेच सांग.

तुझी,
बेबी