अर्ध्या मायक्रॉनचा रुबाब

आंबिवलीहून शहाड एक स्टेशन, कल्याण दोन. तिथून एकीकडे उल्हासनगर-अंबरनाथ, दुसरीकडे डोंबिवलीची एमआयडीसी. एवढ्या कारखान्यांच्या गराड्यात राहून जुन्या जावाच्या सायलेन्सरवर क्रोम चढवणारा भरवशाचा माणूस सापडू नये, म्हणजे उल्हास नदीच्या काठी राहून तहानलेलं राहण्यासारखं झालं. अर्थात वालधुनी नदीचं पाणी एकदा पाहिलं की तहानही आपोआप मरते. पण माझ्या मते प्लेटिंगवाल्यांचा दुष्काळ नाही, आपली पारखच उलटी आहे. आपण दुकानात शिरतो ते टांगलेल्या चकचकीत मडगार्डात स्वतःचा चेहरा बघायला, आणि चकाकी ही तर या धंद्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट.

शोभेच्या क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर असतो. ज्या रुबाबासाठी माणूस बुलेट पुसत रविवार घालवतो, तो केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ! गंज अडवण्याचं काम खालचं निकल करतं, त्याच्या खाली तांबं, आणि सगळ्यांच्या खाली कुणीतरी तोंडाला फडकं बांधून केलेलं बफिंग. रंग खड्डे लपवतो. क्रोम चहाडखोर आहे, लोखंडावरचा प्रत्येक खड्डा तो उजळून दाखवतो. म्हणून खरी मेहनत बफिंगमध्ये असते, आणि वेळ-पैसा वाचवायचा असला की तोही बफिंगमध्येच वाचवला जातो. उलट अतिउत्साही बफिंगवाला कंपनीची उठावाची अक्षरंही घासून टाकतो, मग गाडी कुठल्या कंपनीची हे मालकाला तोंडी सांगत फिरावं लागतं. तेव्हा दुकान बघायचं ते मागच्या दारानं, जिथे सगळं काळं-राखाडी असतं.

कुणी म्हणेल, मग सरळ मोठ्या कारखान्यात जावं. पण अशा कारखान्यांचं पोट हजारो सारख्या बोल्टांवर आणि नळांवर चालतं. त्यात आपला साठ वर्षांचा सायलेन्सर, आत काजळी आणि तेल भरलेला, टाकीत बुडवला तर टाकीतलं द्रावणच नासायचं. मालक नाही म्हणतो ते बरोबरच आहे. किंबहुना नकार हीच मी पहिली खूण मानतो. ‘आतून जाळून साफ करून आणा’ म्हणणारा, कडक पोलादाची स्प्रिंग हातात घेऊन नकारार्थी मान हलवणारा माणूस जाणकार असतो. अ‍ॅसिडमध्ये आणि प्लेटिंग होताना असं पोलाद हायड्रोजन शोषतं आणि वेळेवर भट्टीत तापवलं नाही तर पुढे अवचित तुटतं. ‘सगळं होईल शेठ, उद्या या’ म्हणणाऱ्याकडे मात्र उद्या, परवा, तेरवा असं सगळं पंचांग तयार असतं.

दुसरा आक्षेप खिशाचा: कागदपत्रं नसलेला गल्लीतला कारागीर निम्म्या पैशात करतो, तर प्रदूषण मंडळाची संमती कशाला विचारायची? नदीची काळजी ज्याला वाटते त्याला वाटोच, पण इथे साधा स्वार्थही पुरेसा आहे. इलेक्ट्रोप्लेटिंग मंडळाच्या लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, वर्गात मोडतं, क्रोमचं सांडपाणी विषारी असतं. सांडपाणी शुद्ध न करता सोडणाऱ्या दुकानाला कधी सील लागेल सांगता येत नाही, आणि सील लावणारा साहेब आत तुमचं हँडल आहे का, हे विचारत नाही.

राहिला नवा डुप्लिकेट पार्ट घेण्याचा सल्ला. ज्याला गाडी फक्त चालवायची आहे त्याने जरूर घ्यावा. पण त्याचा पत्रा बहुधा पातळ, भोकं दोन सूत सरकलेली, आणि ती जुळवताना खर्च होणारी भाषा घरात ऐकवण्यासारखी नसते. अर्थात जुन्याच पार्टाचा हट्ट धरणारे शौकीनही काही कमी नाहीत म्हणा. क्रोम बाजारात आलं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या गाड्यांवर पिवळसर झाक असलेलं निकलच असे. तरी 1922 च्या गाडीला आरशासारखं क्रोम चढवून तिला ‘अगदी ओरिजिनल’ म्हणणारे असतातच. प्लेटिंगवाला बिचारा काय करणार, गिऱ्हाईक सांगेल ते चढवतो.

म्हणून दर, मुदत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो बाजूला ठेवून मी एकच प्रश्न सुचवीन: माल तांब्यावर असताना बघायला येऊ का? निकल चढायच्या आधीच खड्डे भरलेत की नाही ते तिथे दिसतं. ‘काय करायचंय बघून?’ असं उत्तर आलं तर सायलेन्सर उचलून लोकल पकडावी. ‘या, पण जेवणाच्या सुट्टीत येऊ नका’ म्हणाला, तर पार्टांची यादी करून त्यावर त्याची सही घ्यावी आणि आगाऊ रक्कम द्यावी. सगळी नव्हे.