पनीररावांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय श्री. पनीरराव बटर मसाले,
मुक्काम : जिल्ह्यातील समस्त शाकाहारी मेनूकार्डे.

विषय : आपली एका जागेवरून बदली होण्याबाबत.
संदर्भ : आमचे मागील चार रविवार.

महोदय,

सर्वप्रथम आपले अभिनंदन. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघ दिसायला जिप्सी लागते, गाईड लागतो आणि वर नशीबही लागते. आपण मात्र कुठल्याही हॉटेलात बसल्या जागी दर्शन देता.

आमच्या घरी ठराव झाला की महिनाभर दर रविवारी एक नवे हॉटेल पाहायचे. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ हवेच. पहिल्या रविवारी चंद्रपुरातल्याच एका हॉटेलात गेलो. मुलीने मेनूकार्डातल्या भाज्या मोजल्या. एकतीस निघाल्या, त्यांपैकी सतरा आपण. कढाई, हंडी, तवा, टिक्का, अंगारा अशी भांडी आणि हत्यारे बदलून प्रत्येक ओळीत आपणच उभे. उरलेल्या चौदांत ‘मिक्स व्हेज’ होती. तिच्यातही आपण सापडलात.

दुसऱ्या रविवारी गडचिरोली रस्त्यावर गेलो. भिंती बांबूच्या, दिवे बांबूचे, बिल आले तेही बांबूच्या परडीत. आईला वाटले, एवढा बांबू आहे तर कोंबही असतील. तिने विचारले, “बाबू, वास्ते हायेत का?” पोरगा आत जाऊन विचारून आला आणि बेबी कॉर्न आहे म्हणाला. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे बांबू स्वतः विकून दाखवला. म्हणजे बांबूवर गावाचा हक्क आला, पण ताटावर यायचा राहिलाच.

तिसऱ्या रविवारचा प्रसंग जरा नाजूक आहे. वरणावर घालायला आईने सांबार मागितला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आपल्यासारख्या बाहेरच्या पाहुण्याला ठाऊक नसणार. वेटरने वाटीभर सांबार आणून ठेवला, शेवग्याच्या शेंगेसह. आई शेंगेकडे पाहत राहिली. मुलगा म्हणाला, “आजी, बरं झालं, सांबर नाही आणलं!” ते हरीण ताडोबातल्या वाघासाठी राखीव आहे. पनीरराव, वाघाचे मला खरोखर कौतुक वाटते. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, पण ‘गिऱ्हाईक बाहेरचे आहे, त्यांना हेच आवडते’ म्हणून वाघाला अजून कुणी काही वेगळे वाढलेले नाही. जिल्ह्यात स्थानिक जेवणाची हमी आहे ती त्यालाच.

चौथ्या रविवारी भात मागवला. कार्डावर ‘बासमती जिरा राईस’. आईचे माहेर नागभीडकडचे. त्याच तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे या छोट्या शेतकऱ्याने १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, हंगामामागून हंगाम निवडून त्यांचे वाण केले आणि त्याला त्या काळच्या लाडक्या मनगटी घड्याळाचे नाव दिले : एचएमटी. तो तांदूळ राज्याबाहेरही पोचला. २०१८ मध्ये दादाजी गेले. त्यांच्या जिल्ह्यातल्या मेनूकार्डावर मात्र त्यांचा तांदूळ ‘प्लेन राईस’ या टोपणनावाने राहतो.

आपली बाजूही मी ऐकून घेतली, म्हणजे हॉटेलमालकाची. ते म्हणाले, “भाऊ, पनीर बाराही महिने फ्रीजात राहते. रानभाजीचे तसे नाही. तरोटा पावसाच्या सुरुवातीला चार दिवस कोवळा. कुड्याच्या फुलांचा कडवटपणा काढायला हात पाहिजे, वास्त्यांना रात्रभर पाण्यात ठेवणारी बाई पाहिजे. आणि घरी खाता तेच पैसे देऊन कोण खाईल?” शेवटच्या वाक्यावर मी गप्प बसलो. पुण्याचे साडू आले तेव्हा मीच म्हणालो होतो, “आपलं काय ते गावठी, तुमच्यासाठी पनीर सांगतो.” ते परत जाताना हेट्याच्या फुलांची भाजी राहिली म्हणून हळहळले. सात्यांचेही, म्हणजे रानातल्या अळंबीचेही, तसेच. श्रावणात हॉटेलच्या दाराशीच बाई पळसाच्या पानावर सात्यांचे वाटे लावून बसते. भाव ऐकून मी “एवढे?” म्हणतो आणि आत जाऊन आपल्यासाठी त्याहून जास्त मोजतो, वर टीपही ठेवतो.

तेव्हा आपल्यावर राग नाही, महोदय. मुलांचा आपल्यावर जीव आहे. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे आम्ही सगळे फोटो काढतो आणि जेवायला आपल्याकडेच येतो. विनंती एवढीच की सतरापैकी एक जागा रिकामी करावी. अंगारा सोडलात तरी चालेल. त्या ओळीत मालकांनी रोज खडूने लिहावे : आजची रानभाजी. नसेल त्या दिवशी पाटवडी-रस्सा आहे, जवसाची चटणी तर बाराही महिने आहे. आणि भातापुढे एचएमटी ही तीन अक्षरे छापावीत.

हे पत्र वाचणाऱ्यांनाही एक काम सांगतो. वेटर वहीवर पेन टेकवून उभा राहिला की आधी विचारा, “आज रानभाजी कोणती?” तो नाही म्हणेल. तरी पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. एकाच दिवशी दहा टेबलांवरून हा प्रश्न आला, तर संध्याकाळी मालक स्वतः दाराशी बसलेल्या बाईला भाव विचारायला जाईल.

आपला नम्र,
एक कुटुंबप्रमुख, चंद्रपूर

प्रत माहितीसाठी : साडू, पुणे.